एका नाविकविद्येचे मरण व पुनर्जन्म

आमच्या विद्यार्थिदशेत भूगोलाची व इतिहासाची जी इंग्रजी पुस्तके आमच्या हाती आली, त्यांत प्रशांत महासागरातील बेटांविषयी एक वाक्य ठराविक असे: अमुक बेट अमुक साली अमुक कप्तानास सापडले. ते वाक्य आम्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले, व पुढे अध्यापक झाल्यावर काही वर्षे इतरांकडूनही पाठ करवून घेतले. ज्या घरात माणसे नांदत आहेत, चूल पेटलेली आहे व अंगणात मुले खेळत आहेत, ते घर एखाद्या वाटसरूस ‘सापडले’ असे आपण कधी म्हणत नाही. मग बेटांच्या बाबतीत तसे का म्हणावे, हा साधा प्रश्न आमच्या मनात फार उशिरा उभा राहिला. तो उभा राहताच त्याच्या पाठोपाठ दुसरा, याहून अवघड प्रश्न आला. ही माणसे मुळात तेथे पोहोचली कशी?

प्रश्न अवघड का, हे नकाशा पाहिल्यावाचून ध्यानात यावयाचे नाही. उत्तरेस हवाई, आग्नेयीस रापा नुई म्हणजे ईस्टर बेट, आणि नैर्ऋत्येस न्यूझीलंड हे तीन बिंदू जोडले असता जो प्रचंड त्रिकोण होतो, त्यात पाणीच पाणी आहे. न्यूझीलंड वगळल्यास जमीन त्या मानाने नखाएवढी. तथापि या त्रिकोणातील बेटांवर युरोपियन लोक आले तेव्हा जेथे जेथे वस्ती आढळली, तेथे तेथे एकाच कुळातील भाषा बोलणारे लोक आढळले. इसवी सनापूर्वी 800 च्या सुमारास त्यांचे पूर्वज टोंगा व सामोआ येथपर्यंत येऊन वसले होते. आणि पुढे दीर्घ विसाव्यानंतर, स्थूलमानाने इ.स. 1000 ते 1300 या तीन शतकांत, त्यांनी पूर्वेकडील दूरदूरची बेटे वसविली, असे अलीकडील पुराणवस्तुसंशोधन सांगते. त्यांच्यापाशी लोखंड नव्हते, होकायंत्र नव्हते, कागदी नकाशे नव्हते. नारळाच्या काथ्याने शिवलेल्या नौका, पानांच्या विणलेल्या चटयांची शिडे, आणि आकाश व पाणी यांचे ज्ञान, एवढ्या सामग्रीवर हा सर्व प्रपंच झाला.

या ज्ञानाशी युरोपची पहिली लक्षणीय गाठ 1769 साली पडली. शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहण्याच्या निमित्ताने कप्तान जेम्स कुक हा ‘एंडेव्हर’ जहाज घेऊन ताहिती बेटावर गेला होता. त्याच वर्षीच्या जुलैत तो तेथून निघाला, तेव्हा तुपाया नावाचा रायातेआ बेटाचा एक पुरोहित जहाजावर चढला. हा पुरोहित देवकार्यांत जसा निष्णात तसाच नौकानयनातही. त्याला बरोबर घेण्यास कुक प्रथम फारसा राजी नव्हता. जोझेफ बँक्स या धनिक वनस्पतिशास्त्रज्ञाने आग्रह धरला म्हणून ते जमले. परंतु बँक्सने आपल्या रोजनिशीत जे कारण नोंदविले आहे ते वाचून मन खिन्न होते. आपले काही शेजारी वाघसिंह पाळतात, मग आपण हा मनुष्य कौतुकाची वस्तू म्हणून का ठेवू नये, अशा आशयाचा विचार त्याने तेथे लिहून ठेवला आहे.

या ‘कौतुकाच्या वस्तू’ने जहाज बेटाबेटांतून नेले. पुढे जहाज कितीही वळणे घेवो, ताहिती कोणत्या दिशेस आहे असे विचारताच तुपाया बोटाने ती दाखवीत असे. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर त्याची भाषा तेथील माओरी लोकांस समजली, आणि हजारो मैल दूरचे दोन समाज एकाच वंशाचे आहेत हे कुकच्या मंडळींस प्रत्यक्ष दिसले. जहाजावर असतानाच त्याच्या सांगण्यावरून एक नकाशा तयार झाला. त्यात 74 बेटे आहेत. हा नकाशा युरोपियन पद्धतीने वाचू गेल्यास पुष्कळ बेटे चुकीच्या ठिकाणी पडतात. म्हणून दीर्घकाळ पंडितांनी त्याची गणना अर्धवट ज्ञानात केली. अलीकडे, 2019 साली, लार्स एकस्टाइन व आन्या श्वार्त्स या दोन जर्मन विद्वानांनी निराळेच मत मांडले. त्यांच्या मते या नकाशात उत्तर दिशा वरच्या कडेस नसून मध्यभागी आहे, व एकेका बेटावरून पुढच्या बेटाकडे जाणाऱ्या खलाशाच्या दृष्टीने तो वाचावयाचा आहे. हे मत सर्वस्वी ग्राह्य ठरो वा न ठरो, त्यातून एक गोष्ट निःसंशय दिसते. वाचणाऱ्यास लिपी येत नाही एवढ्यावरून लिहिणारा अडाणी ठरत नाही.

1770 च्या डिसेंबरात बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथे तुपाया रोगाने मरण पावला. त्याच्याबरोबर निघालेला तायाता नावाचा सेवक मुलगा त्याच्या आधी काही दिवस गेला होता. सुमारे दीड वर्ष हा मनुष्य त्या काळच्या अत्यंत जिज्ञासू लोकांच्या संगतीत होता. त्यांनी वनस्पती दाबून ठेवल्या, शब्दांच्या याद्या केल्या, किनारे मोजले. परंतु हा मनुष्य मार्ग कसा काढतो, याचे सविस्तर टिपण कोणी करून ठेवले नाही. कुकने त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली आहे, तसेच तो गर्विष्ठ व हट्टी होता असेही लिहिले आहे. ज्यास आपल्या देशात पंडिताचा मान होता, त्यास परक्या जहाजावर कौतुकाचा विषय होऊन राहावे लागले, तर त्याच्या अंगी थोडा ताठा दिसला यात नवल ते काय? एका जहाजात बसल्याने माणसे सहप्रवासी होतात. सोबती होतातच असे नाही.

पुढील दोन शतके विद्वानांत वाद चालला तो हा, की ही बेटे हेतुपुरस्सर वसविली गेली, की वाऱ्याने भरकटलेल्या नौका योगायोगाने तेथे लागल्या? गंमत अशी, की दोन्ही पक्षांस आधार कुकच्याच लेखनात सापडतो. 1769 साली तो लिहितो की हे लोक दिवसा सूर्याच्या व रात्री चंद्रतारकांच्या आधाराने शेकडो मैल जातात. आणि 1777 साली अतिऊ बेटावर वादळाने भरकटत आलेले काही ताहितीवासी भेटले, तेव्हा बेटे कशी वसली याचा उलगडा अशा घटनांनी होतो असे त्यास वाटले. 1947 साली थोर हेयरडाल या नॉर्वेजियन गृहस्थाने पाच सोबत्यांसह लाकडी तराफ्यावरून पेरूपासून रारोइआ बेटापर्यंत 101 दिवसांचा प्रवास केला, व हे लोक अमेरिकेतून वाऱ्याप्रवाहाबरोबर आले असे प्रतिपादिले. त्याच्या धैर्याबद्दल दुमत नाही. सिद्धान्त मात्र भाषाशास्त्रापुढे व पुराणवस्तूंपुढे टिकला नाही. 1956 साली न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प याने भरकटण्याचाच पक्ष अधिक नेटाने मांडला. त्यास एक धक्का 1973 साली बसला. गणकयंत्रावर लाखाहून अधिक काल्पनिक नौका वाऱ्यावर सोडून पाहिल्या असता, पॉलिनेशियातून निघालेली एकही हवाईस लागली नाही. आम्हांस तर याहून साधा पुरावा पुरेसा वाटतो. वाट चुकलेला कोळी बायकामुले, डुकरे, कोंबड्या आणि अळू, केळी व नीरफणस यांची रोपे बरोबर घेऊन निघालेला नसतो.

परंतु कागदावरचा पुरावा निराळा व समुद्रावरचा निराळा. 1973 साली हवाई येथे मानवशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने व नाविक टॉमी होम्स या तिघांनी एक मंडळी स्थापिली, व जुन्या धर्तीची, दोन लांब नौका आडव्या तुळयांनी जोडलेली, सुमारे 62 फूट लांबीची एक जोडनौका बांधविली. तिचे नाव होकुलेआ, म्हणजे ‘आनंदाचा तारा’. हा तारा म्हणजे आपली स्वाती. हवाईवरून पाहता स्वाती जवळजवळ थेट माथ्यावरून जाते, तर व्याधाचा तारा ताहितीच्या माथ्यावरून जातो. तेव्हा कोणता तारा डोक्यावर आला यावरून आपण कोणत्या बेटाच्या अक्षांशावर आहो हे खलाशास समजते. नौका तर तयार झाली. परंतु ती यंत्रावाचून हाकणारा कोण? खुद्द हवाईत ही विद्या नष्ट झाली होती. ताहितीतही तीच कथा.

शोध करिता ती जिवंत आढळली मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावर. तेथे माऊ पिआइलुग नावाचा नाविक होता. त्याचा जन्म 1932 सालचा. आजोबांनी त्यास लहानपणापासून तयार केले होते. तेथील विद्यार्थ्यास जमिनीवर खड्यांचे वर्तुळ मांडून ताऱ्यांची उदयास्तस्थाने पाठ करवितात. समुद्रावर गेल्यावर तो दूरच्या वाऱ्यांनी उठविलेल्या लांब, संथ लाटा ओळखतो. ढगाळ रात्री नौकेत आडवा पडून, कोणती लाट कोणत्या बाजूने येते हे तो अंगाने जाणतो. सकाळी समुद्रावर जाणारे व सायंकाळी घरट्याकडे परतणारे पक्षी त्यास वीस-पंचवीस मैलांवरची जमीन सांगतात. सर्वांत विलक्षण म्हणजे त्याची गणनेची रीत. नौका स्थिर आहे व बेटे ताऱ्यांखालून मागे सरत आहेत, असे कल्पून तो अंतर मोजतो. आगगाडीत बसलेल्या मुलास झाडे पळताना दिसतात. आपण त्याची ती समजूत घालवितो, आणि येथे त्याच समजुतीवर एक गणित उभारलेले आहे.

1976 च्या 1 मे रोजी होकुलेआ माऊई बेटावरून निघाली. माऊने तो समुद्र पूर्वी कधी पाहिला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ध्रुवताराही दिसेनासा होतो. तरी सुमारे महिन्याभरात त्याने मताइव्हा हे पहिले बेट गाठले, व 4 जून रोजी नौका ताहितीच्या पापेएते बंदरात शिरली. सुमारे 17,000 लोक किनाऱ्यावर लोटले होते. शार्पच्या ग्रंथास यापेक्षा बोलके उत्तर कोणते द्यावयाचे?

येथे कथा संपविली असती तर ती गोड झाली असती. परंतु इतिहास तसा नाही. त्या नौकेवर भांडणे झाली होती. हा प्रयोग शास्त्राचा, की हवाईच्या लोकांच्या अस्मितेचा, यावरून मने फाटली व प्रकरण हातघाईवर आले. त्या वर्तनाला विटून माऊ ताहितीहून घरी निघून गेला, आणि परतीचा प्रवास होकायंत्र व नकाशे यांच्या साहाय्याने करावा लागला. म्हणजे नौका पोहोचली. विद्या मात्र पुन्हा परकीच राहिली. 1978 च्या मार्चमध्ये माऊवाचून दुसरा प्रवास आरंभिला, तो पहिल्याच रात्री नौका उलटली. त्यावर असलेला एडी ऐकाऊ हा नामांकित लाटास्वार (सर्फर) दुसऱ्या दिवशी फळीवरून मदत आणण्यास गेला. बाकीचे सोबती वाचले. तो पुन्हा दिसला नाही.

या आघातानंतर नाइनोआ थॉम्प्सन हा तरुण माऊकडे गेला, व आम्हांस शिकवा अशी त्याने विनंती केली. माऊपुढील पेच आम्हां लोकांस सहज समजण्याजोगा आहे. आपल्याकडील जुन्या गवयांनी अस्सल चीज घराण्याबाहेर जाऊ दिली नाही, व कित्येक चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या. सातावालची ही विद्याही कुळांत राखलेली होती. परक्यास ती देणे तेथील पुष्कळांस रुचणारे नव्हते. परंतु तेथील तरुण पाश्चात्त्य राहणीकडे वळत होते, व विद्या कुळात राखली तर ती कुळासह बुडेल, हे माऊने ओळखले. त्याने होकार दिला. 1980 साली नाइनोआने नौका ताहितीस नेली. माऊ बरोबर होता, पण मौन धरून. प्रवासाच्या अखेरीस एका सकाळी एक पक्षी उडत गेलेला दिसला. सकाळी पक्षी जमिनीकडून समुद्राकडे जातो, तेव्हा बेट मागे राहिले असे समजून शिष्याने नौका फिरविली. गुरूने त्या वेळी मौन सोडले, व नौका वळवून पक्ष्याच्या मागे जाण्यास सांगितले. थोड्या वेळाने बेट दिसले. पक्ष्याच्या चोचीत मासा होता, पिलांचे दिवस होते, म्हणून तो घरट्याकडेच चालला होता, हे माऊने मागाहून सांगितले. असे ज्ञान कोणत्या नकाशावर मांडावे? ते शेजारी बसूनच घ्यावयाचे असते.

2007 साली सातावाल बेटावर अर्धशतकाहून अधिक काळानंतर नाविकदीक्षेचा विधी झाला, व दीक्षा घेणाऱ्यांत नाइनोआ व त्याचे हवाईचे काही सोबती होते. 2010 साली माऊ निवर्तला. 2017 च्या जूनमध्ये होकुलेआ पृथ्वीप्रदक्षिणा करून हवाईस परतली.

तुपाया व माऊ या दोघांच्या विद्येत फारसे अंतर नसावे. अंतर होते ते नौकेवरील नात्यात. एकास ठेवून घेतले होते. दुसऱ्याकडे शिष्य होऊन गेले. पहिल्या नौकेवर मोठमोठे शास्त्रज्ञ होते व विद्या मेली. दुसरीवर पुढे नम्र झालेली काही मुले होती व ती जगली.

हे लिहिताना एक जुनी खंत आठवते. पुष्कळ वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर, उलांडीच्या होडीशेजारी बसलेल्या एका वृद्ध तांडेलाने, पाणी पाहून, उद्या होड्या बाहेर काढू नका असे आमच्या देखत सांगितले होते. यास प्रमाण काय, असे आम्ही पदवीधराच्या थाटात विचारले. तो हसला व गप्प बसला. दुसऱ्या दिवशी वारा उठला. आमच्यापाशी त्या वेळी वहीही होती व लेखणीही होती. पण मुक्काम आणखी चार दिवस असूनही आम्ही त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही. ज्या देशात सहस्रावधी वर्षे वेद मुखाने राखला गेला, त्याच देशातील आम्ही. आणि अक्षरावाचून विद्या नाही हा धडा मात्र आम्ही पक्का पाठ केला होता. तो तांडेल आता नाही.