लागर, ऋतू आणि घर : जबलपूरच्या संदर्भात मद्यसंधानाचा एक तुलनात्मक विचार

१

बिअरचा इतिहास सामान्यतः अर्थकारणाच्या किंवा रसायनशास्त्राच्या अंगाने लिहिला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे असे कारण प्रथम तिच्या नावातच सापडते. ‘लागर’ हे नाव ज्या जर्मन क्रियापदावरून आले आहे, त्याचा अर्थ साठवणे, ठेवून देणे असा आहे. हे नाव पेयाच्या रंगावरून, चवीवरून किंवा धान्यावरून पडलेले नाही. ते कालावधीवरून पडलेले आहे. थंड तळघरात कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, मुरत ठेवलेली बिअर ती लागर. आज मात्र दाबाखालील किण्वनाच्या पद्धतीने हीच बिअर घरगुती भांड्यात सुमारे पंधरवड्यात तयार होऊ शकते. नावात साठवलेला काळ वजा झाला आणि नाव तेवढे शिल्लक राहिले.

प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा विचार जबलपूर या एका ठिकाणाच्या संदर्भात केला आहे. या निवडीमागे दोन कारणे आहेत. लागरला लागणारी थंडी या शहराला वर्षातील बहुतेक महिने लाभत नाही. आणि घरी मद्य तयार करावे की नाही, हा प्रश्न या परिसरात शतकाहून अधिक काळ कायद्याच्या कक्षेत राहिलेला आहे. लागरच्या मार्गात ऋतूचा आणि घराचा असे दोन निर्बंध आले. त्यांपैकी पहिला तंत्राने दूर केला. दुसरा दूर करणे तंत्राच्या हाती नव्हते. या दोहोंमधील अंतर समजून घेणे हा येथे मुख्य हेतू आहे.

२

लागरची जडणघडण निसर्गाइतकीच कायद्यानेही केली, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. १५५३ साली बव्हेरियात निघालेल्या आज्ञेनुसार २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई करण्यात आली. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते, हा अनुभव त्यामागे होता. परिणामी, हिवाळ्यात केलेली बिअर उन्हाळ्यासाठी तळघरात साठवणे भाग पडले. अशा थंड जागी जे किण्व तग धरून राहिले, ते पात्राच्या तळाशी बसणारे आणि संथपणे काम करणारे होते. आठ ते बारा अंश सेल्सियस तापमानात मुख्य किण्वन आणि त्यानंतर गोठणबिंदूच्या जवळपास दीर्घकाळ मुरवण, असा या बिअरचा क्रम ठरला. ऋतूवरील बंदीतून एक नवा पेयप्रकार रूढ झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही बंदी निरर्थक ठरली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र म्युनिकच्या बिअर कारखान्यात बसवले गेले. १८७६ साली पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी लागरच्या किण्वाची शुद्ध पैदास साध्य केली. ऋतू आता यंत्रातून निर्माण करता येऊ लागला आणि किण्वही एका गावाच्या तळघराला बांधलेले राहिले नाही. यानंतरच लागर ही जगभर जाऊ शकणारी वस्तू झाली.

३

जबलपूरच्या वाट्याला ही वस्तू कोणत्या परिस्थितीत आली, हे पाहण्यासाठी शहराच्या इतिहासावर ओझरती नजर टाकावी लागेल. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे गेले. १७९८ साली हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे येथे मोठी छावणी वसली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारा आणि अलाहाबादकडून येणारा असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता प्रवास रेल्वेने शक्य झाला.

गोऱ्या सैनिकांसाठी बिअर लागे. तिच्यापुढे अडचण हवेची होती. जबलपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान चाळीस अंशांच्या वर असते. जानेवारीतील किमान तापमान मात्र दहा अंशांच्या आसपास उतरते. शीतयंत्रापूर्वीच्या काळात या अडचणीवर दोन उपाय होते. एक म्हणजे विलायतेहून बिअर आणवणे. दुसरा, कारखानाच थंड हवेच्या डोंगरात नेणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कसौलीत आणि १८६० साली मरी येथे निघालेले कारखाने हे दुसऱ्या उपायाचे फलित होत. बर्फाचीही अशीच आयात होई. १८३३ साली अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजाने कलकत्त्यास उतरवण्यात आला होता. पेय, थंडी किंवा कारखाना यांपैकी काहीतरी एक स्थलांतरित केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये जबलपूरच्या उद्योगांची नोंद आहे. तीत गोकुळदास यांची कापडगिरणी आणि चिनी मातीच्या वस्तूंचा कारखाना यांच्या जोडीला बर्फ आणि बिअर यांच्या कारखान्यांचाही उल्लेख येतो. बर्फ आणि बिअर ही जोडी अर्थपूर्ण आहे. कृत्रिम थंडी शहरातच तयार होऊ लागली, तेव्हा डोंगराची निकड संपली. परंतु ही थंडी कारखान्याच्या मालकीची होती. सामान्य घरापर्यंत ती पोहोचण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

४

दाबाखालील किण्वन हा या मालिकेतील पुढचा टप्पा होय. १९०८ साली लिओपोल्ड नाथान यांनी निमुळत्या बुडाच्या बंद टाकीचे एकस्व घेतले. किण्वन आणि मुरवण एकाच पात्रात उरकावे, ही कल्पना त्यामागे होती. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत दाबाच्या उपयोगाचा पद्धतशीर अभ्यास झाला.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. साखरेचे मद्यार्कात रूपांतर करताना किण्व कर्बवायू सोडते. उघड्या पात्रात हा वायू निघून जातो. पात्र बंद करून त्यास ठरावीक दाबावर उघडणारी झडप बसवली, तर वायू आतच कोंडला जातो आणि द्रवात विरघळतो. साधारणतः वातावरणाच्या दाबाहून आणखी एक पट इतका दाब यासाठी पुरतो. विरघळलेल्या वायूमुळे किण्वपेशींची वाढ मंदावते. फळासारखा वास देणारी संयुगे आणि जड मद्यार्क कमी प्रमाणात तयार होतात. एरवी तापमान वाढले की हीच द्रव्ये वाढतात, आणि लागर थंडीत करावयाची ती याचसाठी. म्हणून दाबाखाली अठरा ते वीस अंशांवर किण्वन केले, तरी चव लागरच्या जवळ राहते. मुख्य किण्वन आठवड्याच्या आत आटोपते. लोण्यासारखा वास देणारे द्रव्य किण्वच पुन्हा शोषून घेते आणि उबेमुळे तेही लवकर घडते. पेयात वायू आपोआप मिसळलेला असतो. शेवटी गाळ बसण्यासाठी काही दिवस थंडी दिली की काम पूर्ण होते. जुन्या पद्धतीने सहा ते आठ आठवडे लागत, ते काम सुमारे दोन आठवड्यांत होते. मात्र यासाठी दाब सहन करणारे धातूचे किंवा जाड प्लॅस्टिकचे खास पात्र आणि खात्रीची झडप हवी. साधी काचेची बरणी फुटून गंभीर इजा होऊ शकते.

जबलपूरच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व काय? येथील उन्हाळा दाबालाही जुमानणारा नाही. चाळीस अंशांत पात्र गार ठेवावेच लागेल. परंतु दहा अंशांची थंडी टिकवणे आणि वीस अंशांची टिकवणे यांत मोठा फरक आहे. जबलपूरच्या हिवाळ्यात वीस अंश विशेष खटपट न करता मिळू शकतात. इतर महिन्यांत एखादा जुना फ्रीज पुरेसा होतो. अर्थात, तंत्रदृष्ट्या पाहता लागर आता जबलपूरच्या घरात येऊ शकते. १५५३ ची ऋतुबंदी येथे पूर्णपणे मावळते.

५

येथे दुसरा निर्बंध समोर येतो. मध्यप्रांताचा १९१५ चा अबकारी कायदा आज ‘मध्य प्रदेश अबकारी अधिनियम, १९१५’ या नावाने लागू आहे. परवान्यावाचून मद्य तयार करण्यास त्यात मनाई आहे आणि मद्याच्या व्याख्येत बिअरही येते. बव्हेरियाच्या आज्ञेने वर्षातील काही महिने बंद केले होते. या कायद्याने घर हे स्थळच बारमाही बंद केले. पंधरवड्यात होणारी लागर आणि दोन महिन्यांत होणारी लागर यांत कायदा भेद करत नाही.

हा निर्बंध भारतीय परंपरेचा सहजधर्म आहे, असे मात्र म्हणता येत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर कडक राजकीय नियंत्रण सांगितले आहे. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थाला कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट तयार करण्याची मोकळीक त्याच प्रकरणात दिली आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्यासाठी चार दिवसांची सवलतही आहे. राज्याला महसूल हवा होता. पण घर ही एक स्वतंत्र कोटी आहे, याची जाणीव त्या व्यवस्थेत होती.

पुढील काळात ही कोटी कागदपत्रांतून दिसेनाशी होते. ललितपूरजवळील सियडोणी येथील दहाव्या शतकातील शिलालेखात कल्लपालांनी, म्हणजे मद्य गाळणाऱ्यांनी, मद्याच्या पात्रागणिक देवालयाला द्यावयाच्या रकमेची नोंद आहे. कलार या जातिनामाचा संबंध याच शब्दाशी जोडला जातो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात या जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. जबलपूरजवळील त्रिपुरीच्या कलचुरी राजवंशाशी आपले नाते असल्याचा या समाजाचा दावाही प्रसिद्ध आहे. शिलालेखात जो दिसतो तो व्यावसायिक. घरात संधान करणाऱ्याला तेथे जागा नाही.

वसाहतकाळात या अदृश्यतेला बंदीचे रूप आले. जबलपूरच्या पूर्वेस मंडला आणि आजचा डिंडोरी जिल्हा या भागांत गोंड आणि बैगा यांची वस्ती आहे. चैत्राच्या सुमारास गळणारी मोहाची फुले वाळवून, भिजवून, काही दिवस आंबवून गाळलेली दारू त्यांच्या जन्म, विवाह आणि अंत्यविधी यांच्याशी जोडलेली आहे. १९३२ पासून करंजिया येथे राहिलेल्या व्हेरियर एल्विन यांच्या लेखनातून या जीवनपद्धतीचे तपशील मिळतात. अबकारी व्यवस्थेने हे घरगुती कर्म गुन्ह्याच्या कक्षेत आणले आणि त्याच लोकांना ठेकेदाराच्या दुकानाचे गिऱ्हाईक केले.

तौलनिक दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. खुद्द इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने घरगुती बिअरसाठी परवाना आवश्यक केला होता. १९६३ साली ती अट रद्द झाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला संघराज्याच्या पातळीवर मुभा मिळाली. दाबाखालील किण्वनाचे तंत्र घरापर्यंत येऊन रुजले, ते घर असे मोकळे झाल्यानंतर. मध्य प्रदेशात मोकळीक वेगळ्या दिशेने आली. अनुसूचित जमातींना स्वतःच्या उपयोगापुरती दारू गाळण्याची मर्यादित सवलत आहे. २०२१ साली मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याची घोषणा झाली आणि पुढे अलीराजपूर व डिंडोरी येथील आदिवासी बचत गटांकडे तिचे उत्पादन आले. ज्या कर्माला गुन्हा ठरवले गेले, त्यालाच वारसा म्हणून बाटलीत भरणे, असा हा प्रवास आहे. त्यात प्रतिष्ठा परत मिळाली; परंतु मान्यता मिळाली ती विक्रीयोग्य वस्तूला. घरी करण्याच्या कृतीकडे अजूनही अपवाद म्हणूनच पाहिले जाते.

६

या इतिहासाचा साहित्याशी संबंध कोणता, हा प्रश्न शेवटी उरतो. महाराष्ट्राशी कुळाचे नाते सांगणारा राजशेखर त्रिपुरीच्या दरबारात वावरला. त्याच्या ‘कर्पूरमंजरी’तील भैरवानंद मद्यपानाचे उघड समर्थन करतो. जवळपास सहस्रकानंतर, १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्यापूर्वी काही आठवडे गडकऱ्यांचे सावनेर येथे निधन झाले होते. सावनेर तेव्हा त्याच मध्यप्रांतात, त्याच १९१५ च्या कायद्याच्या अमलाखाली होते. एका कृतीत पान हे सिद्धीचे साधन, दुसरीत सर्वनाशाचे कारण. परंतु दोहोंतही मद्य तयार होऊनच रंगमंचावर येते. ते कोणी, कोठे, किती दिवसांत केले, याची चौकशी दोन्हीकडे नाही. मराठीला प्याला ठाऊक आहे, गुत्ता ठाऊक आहे. करण्याच्या क्रियेसाठी तिच्याजवळ जो सर्वपरिचित शब्द आहे, तो ‘हातभट्टी’, आणि त्याला पोलिसी छाप्याचा वास चिकटलेला आहे.

संस्कृतातील ‘संधान’ या शब्दात जोडणे आणि आंबवणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांच्या संदर्भात तो आजही प्रतिष्ठित आहे. धायटीची फुले घालून, पात्राचे तोंड लिंपून, पंधरवडा किंवा महिनाभर ठेवलेल्या औषधाविषयी बोलताना कोणी हातभट्टी म्हणत नाही. प्रक्रिया एकाच जातीची; तिला कोणत्या दालनात ठेवावयाचे, हे शब्द ठरवतो आणि शब्दामागे कायदा उभा असतो.

लागरच्या नावातून काळ गळाला, ही हानी म्हणावी की मुक्ती, याविषयी मतभेद संभवतात. जबलपूरच्या संदर्भात मात्र हा प्रश्न दुय्यम ठरतो. दाबाच्या झडपेने दोन महिन्यांचे पंधरा दिवस केले. १९१५ ने घराभोवती घातलेली रेषा तिने हलवली नाही. मद्याविषयीच्या मराठी लेखनाचा इतिहास जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा पिणाऱ्याच्या नीतीबरोबरच करणाऱ्याच्या घराचाही शोध त्यात घ्यावा लागेल. मंडल्याच्या आदिवासी घरातील मोहाचे मडके आणि शहरातील घरात बसू शकणारी लागरची टाकी हे दोन्ही त्या शोधात एकाच प्रकरणात यावयास हवेत.