वाऱ्यानं आणलं, पावसानं ठेवून घेतलं

‘मोसम’ हा शब्द आपण रोज वापरतो. आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम, मोसमी वारे. मूळ शब्द अरबी, ‘मौसिम’. त्याचा अर्थ ठरलेली वेळ. अरब खलाशी जहाजं समुद्रात घालण्याच्या काळाला मौसिम म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला आणि त्याचा ‘मान्सून’ झाला. आज आपण पेपरात ‘मान्सून केरळात दाखल’ अशी बातमी वाचतो आणि त्याच दिवशी बाजारात आंब्याचा मोसम संपला म्हणतो. एकच शब्द आपल्या घरात दोन दारांनी आला आहे.

शब्दांसारखीच माणसंही या किनाऱ्यावर आली. ती कशी आली आणि मुख्य म्हणजे का राहिली, हे मला एका पावसाळी प्रवासात नीट उमगलं.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. आम्ही चार मित्र मोटार घेऊन मुंबईहून निघालो. एक इतिहासाचा निवृत्त शिक्षक, एक बँकेतला, एक डॉक्टर आणि कविता करणारा मी. अलिबागला उतरायचं आणि किनारा धरून दाभोळपर्यंत जायचं, असा बेत. पेण सोडलं आणि जूनच्या पहिल्या पावसानं गाठलं. तो पुढे चार दिवस सोबत राहिला.

रेवदंड्याला एका टपरीवर चहाला थांबलो. मित्रांनी मारलेल्या हाकेवरून टपरीवाल्याला माझं नाव कळलं. कौतुकानं म्हणाला, “तुम्ही मराठी किती छान बोलता हो! मूळचे कुठले?” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलो आहे. “इथलाच,” एवढंच म्हणालो. गाडीत बसल्यावर शिक्षकमित्र म्हणाला, “अरे, त्याला मसूदी सांगायचा होतास. आपण चौलातच तर आहोत!”

मसूदी म्हणजे बगदादचा इतिहासकार अल-मसूदी. इसवी सन ९१६च्या सुमारास तो चौलला आला. अरब या बंदराला ‘सैमूर’ म्हणत. वर राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि उत्तर कोकणात त्यांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ. मसूदीनं लिहून ठेवलं आहे की, या गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असं वेगळं नावही होतं. त्यांचे तंटे सोडवायला राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. दिल्लीत सुलतानशाही सुरू झाली १२०६मध्ये. म्हणजे त्याला अजून जवळपास तीनशे वर्षं होती. हे लोक घोड्यावरून तलवार घेऊन आले नव्हते. ते शिडाच्या जहाजातून माल घेऊन आले होते.

व्यापारी माल विकून परत का गेले नाहीत? त्याचं उत्तर आमच्या गाडीच्या काचेवर कोसळत होतं. शिडाचं जहाज वाऱ्याच्या हुकमात चालतं. नैर्ऋत्येचा वारा अरबस्तानाकडून इकडे आणतो, ईशान्येचा वारा हिवाळ्यात परत नेतो. मध्ये जून-जुलैत दर्या इतका खवळतो की बंदरं बंद. उन्हाळ्याच्या शेवटी आलेल्या माणसाला पावसाळा इथेच काढावा लागे आणि वारा फिरेपर्यंत दिवाळी उलटून जाई. चार-सहा महिने एका गावात राहायचं म्हणजे जागा लागते, जेवण लागतं, उधारी होते, ओळखी होतात. मग लग्नं होतात. पुढच्या वर्षी जहाज परत जातं, पण त्यात सगळेच बसत नाहीत.

पाच शतकांनंतर, १४६९च्या सुमारास, याच चौलला एक रशियन उतरला. अफनासी निकितिन. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. विकायला एक घोडा आणला होता. घाट चढून तो जुन्नरला गेला आणि पावसात अडकला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, असं त्यानं लिहिलं आहे. अडकला म्हणूनच त्याला पेरण्या दिसल्या, इथे घोड्यांना खिचडी शिजवून घालतात हे दिसलं. जुन्नरच्या सरदारानं त्याचा घोडा जप्त केला आणि मुसलमान हो म्हणून दटावलं. तेव्हा त्याला सोडवलं एका खुरासानी मुसलमान माणसानं. धाक घालणारा मुसलमान आणि वाचवणाराही मुसलमान. इतिहास असा असतो, त्याला एका रंगात रंगवता येत नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही अलिबागजवळच्या नवगावलाही थांबलो होतो. बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथे फुटलं आणि सात जोडपी वाचली. इथे ते तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ झाले. पुढे त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले, पण तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

थळच्या किनाऱ्यावरून पावसाच्या पडद्याआड खांदेरी-उंदेरी अंधुक दिसत होते. शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये खांदेरीचं बांधकाम सुरू केलं ते ऐन पावसाळ्याच्या अखेरीला. इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला. महाराजांच्या बाजूनं लढले मायनाक भंडारी आणि दौलतखान. मोगलांच्या बाजूनं आला जंजिऱ्याचा सिद्दी. दोन मुसलमान दर्यावर्दी समोरासमोर, आणि भांडण धर्माचं नव्हे, समुद्राचं. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत खांदेरी आहे. तो पाहायला जाणाऱ्यांनी ही दोन्ही नावं एकत्र घ्यावीत.

मुरूडला पोचलो. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, म्हणून जंजिरा राजपुरीच्या धक्क्यावरूनच पाहिला. जंजिरा म्हणजे अरबी ‘जझीरा’, बेट. बंदर फारसी, तुफान अरबी. नाखवा म्हणजे फारसीतला ‘नाखुदा’, नावेचा धनी. आज नाखवा हे आडनाव कोळ्यांत आहे आणि कोकणी मुसलमानांतही. एकाच शब्दानं दोन घरं केली.

पाऊस नेहमीच प्रेमळ पाहुणचार करतो असं नाही. आगरदांड्याला फेरीबोटीची वाट पाहताना डॉक्टरमित्रानं ‘रामदास’ बोटीची आठवण काढली. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईहून रेवसला निघालेली बोट वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. सणासाठी घरी निघालेली साधी माणसं, सगळ्या जातिधर्मांची. पुढे श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांतून गेलो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळानं इथली नारळी-पोफळी आडवी केली होती. पोफळ पुन्हा उभी करायला वर्षं लागतात. तरी लोकांनी रोपं लावली. राहणारा माणूस झाड लावतो.

शेवटचा मुक्काम दाभोळ. एके काळी मक्केच्या यात्रेकरूंचं हे मोठं बंदर. खाडीकाठी सतराव्या शतकातली दगडी मशीद आहे. मक्केला निघालेली विजापूरची राजकन्या आयेशाबीबी इथे अडकली आणि यात्रेचा पैसा तिनं या मशिदीला लावला, अशी दंतकथा आहे. खरं-खोटं काही असो, कोकणानं गोष्ट अडकलेल्या माणसाचीच जपली.

आम्हाला मात्र पावसानं कुठेच अडवलं नाही. पूल आहेत, फेरीबोटी आहेत, गाडीला वायपर आहेत. चार दिवसांत जे पार केलं, त्याला पूर्वी एक आयुष्य लागायचं. सोय झाली, चांगलंच झालं. पण गावात चार महिने थांबल्याशिवाय शेजार होत नाही, आणि शेजार झाला की ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न उरत नाही.

दाभोळच्या धक्क्याजवळ होड्या ओढून शाकारल्या होत्या. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पडवीत एक म्हातारा जाळं विणत बसला होता. आम्ही पावसातून आडोशाला गेलो, तर त्यानं नाव-गाव काही न विचारता बाजूला सरकून जागा केली.