चिमूटभर दारू

शीर्षकावरून गैरसमज नको. आज मी बोलणार आहे ते बंदुकीच्या दारूबद्दल. पण 'दारू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून शाबूत आहे. औषध म्हटलं की मात्रा आली. बंदुकीच्या दारूचंही तसंच आहे. तिचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो : किती घालायची?

हा प्रश्न मला लहानपणी कोकणात भेटला. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं शेतात उतरायची. आमच्या वाडीत एका घरी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिच्या मालकांना आम्ही मुलं चाचा म्हणायचो. भादव्यात उघडीप मिळाली की चाचा बंदूक काढायचे आणि केळीच्या खोडावर कोळशाने वर्तुळ काढून पन्नास पावलांवर उभे राहायचे. त्यांच्याकडे बांबूची बोटभर नळी होती, तिला आतून सुरीने पाडलेल्या खुणा. पहिल्या खुणेपर्यंत दारू भरून तीन बार, मग दुसऱ्या खुणेपर्यंत भरून तीन बार. गोळीला खोबरेल तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळायची, आणि गजाने ठासायचं काम शेजारचे तात्या करायचे. दर बारानंतर आम्ही पोरं खोडाकडे धावायचो. भोकं जवळजवळ पडली की माप बरोबर. दारू वाढवली की आवाज मोठा, खांद्याला दणका मोठा आणि भोकं मात्र लांबलांब.

एकदा मी विचारलं, "चाचा, आणखी घातली तर गोळी आणखी लांब नाही का जाणार?" चाचा म्हणाले, "बंदुकीला भूक असते तेवढंच वाढावं. जास्त वाढलं की ती ओकते." पुढे शेजारच्या गावातल्या एकाची नळी जास्त दारूने फुटली आणि त्याचा अंगठा गेला, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला कळला. कमी पडली तर काय होतं, ते सांगायलाच नको. 'फुसका बार' हा शब्द आपण राजकारणासाठी वापरतो, पण तो घडला ठासणीच्या बंदुकीच्या तोंडाशी.

चाचांनी केळीच्या खोडावर जे केलं, ते शास्त्राच्या पातळीवर करणारा माणूस म्हणजे इंग्लंडमधला बेंजामिन रॉबिन्स. त्याचा जन्म १७०७ साली बाथ इथे, क्वेकर आईवडिलांच्या पोटी झाला. क्वेकर हा युद्धाला विरोध करणारा पंथ, आणि त्याच घरातल्या मुलाने बंदुकीचं आधुनिक शास्त्र उभं केलं. गोळी डोळ्यांना दिसत नाही, मग तिचा वेग मोजायचा कसा? रॉबिन्सने लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यात गोळी मारली. ठोकळा मागे झुलताना एक फीत ओढली जायची. फीत किती ओढली गेली यावरून झोका किती मोठा होता ते कळायचं, आणि त्यावरून गणिताने गोळीचा वेग काढता यायचा. हे त्याने १७४२ साली ग्रंथरूपाने मांडलं. गोळीच्या निम्म्या वजनाची दारू घातली तर वेग सेकंदाला सुमारे १,७०० फूट भरत होता.

त्याहून मोठा धक्का हवेने दिला. तोवर हवेचा अडथळा किरकोळ समजला जाई. या वेगाला तो अडथळा गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १२० पट होतो, असं रॉबिन्सच्या मोजमापांतून निघालं. म्हणजे जास्त दारू घालून मिळवलेला वेग पुढच्या काही पावलांतच हवा हिरावून घेते. पुढे चार्ल्स हटनने वूलिचला केलेल्या प्रयोगांतून हिशेब स्पष्ट झाला : वेग दुप्पट करायचा तर दारू दुप्पट घालून भागत नाही, चौपट लागते. दणका मात्र पुरेपूर वाढतो. चाचांच्या बांबूच्या नळीला हे गणित न शिकताच ठाऊक होतं.

मग नेम का चुकतो? साध्या गुळगुळीत नळीत गोळी सैल असते. ती बाजूंना आपटत बाहेर येते आणि जिकडे शेवटची घासली तिकडची गिरकी घेऊन निघते. हे दाखवण्यासाठी रॉबिन्सने एका बंदुकीची नळी तोंडाशी मुद्दाम डावीकडे वाकवली आणि समोर पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी आधी डावीकडे गेली, हे सर्वांना अपेक्षितच होतं. पण पुढे ती हवेतच वळून उजवीकडे आली. पडद्यांवरची भोकं साक्षीला होती. क्रिकेटचा चेंडू फिरकीमुळे हवेत सरकतो, तोच हा प्रकार.

उपाय एकच : गिरकी नशिबावर सोडायची नाही, ती आपण द्यायची. नळीला आतून मळसूत्री खाचा पाडल्या की गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. हीच रायफल. ज्या राष्ट्राला हिचं मर्म आधी कळेल त्याचं पारडं रणांगणात जड होईल, असं भाकीत रॉबिन्सने करून ठेवलं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने तटबंदीच्या कामासाठी त्याला हिंदुस्थानात आणलं आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात, वयाच्या ४४ व्या वर्षी तो वारला. योगायोग असा की ज्या दारूचं त्याने गणित मांडलं, तिचा मुख्य घटक म्हणजे सोरा, आणि इंग्लंडला लागणारा सोरा मुख्यतः बिहारच्या मातीतून जात होता.

भाकीत खरं व्हायला शंभर वर्षं लागली, कारण अडचण ठासण्याची होती. खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून आत ठोकायला वेळ लागे. त्यातून काळ्या दारूचा स्वभाव असा की जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. दहावीस बारांत नळी काजळीने भरते आणि पुढची गोळी आत जाईना. १८४९ साली फ्रान्सच्या मिनिये या अधिकाऱ्याने तोड काढली. गोळी निमुळती, थोडी सैल आणि बुडाला पोकळ. बार उडाला की बूड फुगून खाचांत बसतं. आता सैल गोळी झटकन ठासता येऊ लागली, फक्त काजळी मऊ ठेवायला वंगण हवं.

याच तत्त्वावर १८५३ ची एन्फील्ड रायफल बनली. नळीचा व्यास ०.५७७ इंच, दारू अडीच ड्रॅम, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. हे माप शिपायाच्या हातावर सोडलेलं नव्हतं. कागदी काडतुसात दारू आणि गोळी आधीच बांधलेली असे. शिपायाने काडतुसाचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, वंगण लावलेल्या कागदासकट गोळी आत घालायची आणि गजाने ठासायची. चाचांची नळी, चिंधी आणि तेल, सगळं एका पुडीत आलं.

इंग्लंडमध्ये या रायफलीच्या कसोट्या किती बारकाईने झाल्या, हे वाचून थक्क व्हायला होतं. १८५४ साली सरकारने मँचेस्टरचे यंत्रतज्ज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांना या कामात ओढलं. प्रयोगात वाऱ्याची झुळूकही नको म्हणून त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची झाकलेली गल्ली सरकारी खर्चाने उभी राहिली. त्यांनी दारू आणि गोळीचं वजन जवळपास तेवढंच ठेवलं, पण नळी बारीक आणि षट्कोनी केली. एन्फील्डच्या खाचा ७८ इंचांत एक वेढा घेत, व्हिटवर्थनी तो २० इंचांत आणला. १८५७ च्या एप्रिलमध्ये केंट परगण्यातल्या हाइथ इथे दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या नेमापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या फक्त साडेचार इंच. व्हिटवर्थची नळी बारीक असल्याने काजळीने लवकर तुंबे, आणि ती फार महागही होती. त्यामुळे सैन्याने ती घेतली नाही, हा भाग वेगळा.

आता याच १८५७ च्या एप्रिलमध्ये मेरठला या. २४ एप्रिलला तिसऱ्या हलक्या घोडदळातल्या ९० स्वारांपुढे काडतुसं ठेवली गेली. ८५ जणांनी ती घ्यायला नकार दिला. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. ९ मे रोजी भर कवायतीत त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटलं. ज्या काडतुसांवरून हे घडलं ती जुन्याच पद्धतीची होती, आणि ती दातांऐवजी हातांनी फाडायची मुभाही दिलेली होती. पण गाय आणि डुक्कर या दोघांच्या चरबीची बातमी तोवर छावणीछावणीत पोचली होती. विश्वासाच्या नळीत काजळी साठली होती आणि आता काहीही आत जाईना.

या गोष्टीतलं सगळ्यात बोचणारं पान मात्र चार वर्षं आधीचं आहे. १८५३ साली वंगण लावलेली काडतुसं प्रथम हिंदुस्थानात आली ती कसोटीसाठीच. इथल्या उन्हापावसात वंगण टिकतं का, हे पाहायचं होतं. त्यासाठी ती काडतुसं कलकत्ता, कानपूर आणि रंगून इथे खुद्द देशी शिपायांच्या पिशव्यांत बाळगायला दिली गेली. बंगाल सैन्याचे अ‍ॅड्जुटंट जनरल कर्नल टकर यांनी त्या डिसेंबरात लेखी इशारा दिला : या वंगणात शिपायांच्या धर्माला बाधेल असं काही नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. त्या इशाऱ्यावर काहीही झालं नाही. १८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली, तेव्हा काडतुसांना लावलेली चरबी नेमकी कोणत्या जनावराची, याची चौकशी कुणी केलेलीच नव्हती. मेण आणि तेल चालेल, शिपायांनी स्वतः आणावं, अशी सवलत मग देण्यात आली. तोवर उशीर झाला होता.

१८५७ चं कारण एवढंच होतं, असं मी म्हणणार नाही. सातारा १८४८ मध्ये खालसा झालं होतं, झाशी १८५४ मध्ये, अवध १८५६ मध्ये. पगाराची, जमिनीची, मानाची दुखणी होतीच. दारूचा साठा असा आधीच रचलेला होता. पण ठिणगी कुठून पडली, हे विसरता येत नाही. गोळीचा वेग मोजला, वाऱ्याची झुळूक अडवली, उन्हात वंगण वितळतं का तेही तपासलं. ज्याच्या दातांत ते काडतूस जाणार, त्याला मात्र कुणी विचारलं नाही.

कॉलेजात हा इतिहास वाचल्यावर सुट्टीत मी गावी गेलो, तेव्हा चाचांना एक जुना प्रश्न विचारला. चिंधीला खोबरेलच का लावायचं? चरबी जास्त टिकत नाही का? चाचा तेव्हा थकले होते, बंदूक खुंटीवर होती. ते म्हणाले, "टिकते की. पण ठासायला तात्या असायचा ना."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)