भातखंडे यांचा दक्षिणेतील अभ्यासप्रवास

संगीताच्या अभ्यासकाने प्रवास कशासाठी करावा, ह्याचे उत्तर पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दौऱ्यांत सापडते. १९०४ च्या अखेरीस ते मद्रास प्रांतात गेले, ते केवळ गायन ऐकण्यासाठी नव्हे, तर शास्त्रविषयक प्रश्न घेऊन. तेथे सुब्बराम दीक्षितर यांच्याकडून व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिके’ची प्रत त्यांना मिळाली. तीतील ७२ मेलांच्या विचाराचा आधार उत्तरेकडील रागांच्या १० थाटांना लाभला. १९०७ च्या दौऱ्यात ते नागपुरासही आले होते.

तथापि पटदीपातील कोमल गांधार, शुद्ध मध्यम व शुद्ध निषाद हे स्वर दहांपैकी एकाही थाटात एकत्र येत नाहीत. म्हणून थाट हे वर्गीकरणाचे साधन होय, रागाचा जनक नव्हे. पोथीइतकेच प्रमाण गायकाच्या कंठातही शोधावे लागते.