ज्योत, चुंबक आणि एक फसलेला प्रयोग

चुलीच्या ज्योतीवर मिठाची चिमूट पडली की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे घराघरांत ठाऊक आहे. तोच प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला तर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दोन तेजस्वी रेषा दिसतात. त्या मिठातील सोडियमच्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. याच आधारे रोममध्ये येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की यांनी संत इग्नेशियस चर्चच्या छपरावरील वेधशाळेतून ताऱ्यांची वर्गवारी लावली. परंतु पदार्थाच्या अंतरंगात असे काय हलते की त्यातून या रेषा उमटाव्यात, हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते.

१२ मार्च १८६२ रोजी लंडनमध्ये सत्तर वर्षांच्या मायकेल फॅरेडे यांनी हा प्रश्न चुंबकाला विचारून पाहिला. स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली होती. त्यांनी प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ज्योत ठेवली, तीत सोडियम, लिथियम वगैरेंचे क्षार जाळले आणि रेषांत काही फरक पडतो का ते पाहिले. काहीही फरक दिसला नाही. एका लहानशा प्रॉटेस्टंट पंथाचे श्रद्धावान सभासद असलेल्या या वृद्ध शास्त्रज्ञाने ते अपयश जसेच्या तसे वहीत नोंदवले. पुढे मॅक्सवेल यांनी फॅरेडे यांच्या चरित्रलेखात त्या प्रयत्नाचा उल्लेख केला.

तो उल्लेख हॉलंडमधील लायडन विद्यापीठात पीटर झेमान या तरुणाच्या वाचनात आला. झेमान एका पाळकाचे चिरंजीव. त्यांनी स्वतःही हा प्रयोग एकदा करून पाहिला होता व तो फसला होता. पण ज्या कल्पनेवर फॅरेडे यांनी वेळ खर्च केला ती सहजासहजी टाकून देण्याजोगी नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. आता रोलंड यांची सूक्ष्म रेघांची जाळी हाताशी होती. एका इंचात जवळजवळ पंधरा हजार रेघा! १८९६ मध्ये झेमान यांनी मिठात भिजवलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा तुकडा ज्योतीत धरला. प्रवाह सुरू करताच रेषा रुंदावल्या, बंद करताच पूर्ववत झाल्या. चुंबकामुळे ज्योतीचा आकारच बदलत असेल तर? या शंकेपायी त्यांनी बंद नळीत सोडियम तापवून पुन्हा खात्री करून घेतली. ही चिकाटी आम्हांला शोधाइतकीच मोलाची वाटते.

त्यांचे गुरू हेंड्रिक लॉरेन्ट्झ यांनी थोड्याच दिवसांत उलगडा केला. अणूत विद्युतभारित कण आंदोलने करीत असतील, तर चुंबकीय क्षेत्रात त्यांची गती बदलेल आणि रुंदावलेल्या रेषेच्या कडांचा प्रकाश विशिष्ट रीतीने ध्रुवित झालेला आढळेल. झेमान यांनी पाहिले, तसेच आढळले. रुंदीवरून हिशेब केला तेव्हा त्या कणाचे भार व वस्तुमान यांचे गुणोत्तर हायड्रोजनच्या आयनाच्या हजारपटीहून अधिक भरले. तोच इलेक्ट्रॉन. १८९७ मध्ये रेषा प्रत्यक्ष दुभंगलेल्याही दिसल्या, आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक गुरुशिष्यांना विभागून मिळाले.

कोडे मात्र पुरते सुटले नव्हते. सोडियमच्या दोन रेषांपैकी एकीच्या चार होतात, दुसरीच्या सहा. लॉरेन्ट्झ यांच्या गणितात हे बसेना. १९२५ मध्ये लायडनच्याच उलेनबेक व गाउडस्मिट यांनी इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची कल्पना मांडल्यावर वाट मोकळी झाली.

त्याआधीच, १९०८ मध्ये, कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर जॉर्ज हेल यांनी सूर्यडागांच्या प्रकाशात अशाच दुभंगलेल्या रेषा ओळखल्या. फादर सेक्कींनी ज्यांची चित्रे रेखाटली होती ते काळे डाग पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हजारो पटींनी प्रबळ असे चुंबक आहेत, हे तेव्हा कळले.