फौंड्रीत पर्यावरण कार्यक्रम सुरू करायचाय? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

बेळगाव : उद्यमबागेतल्या फौंड्री आणि मशीन शॉपना अलीकडे मोठ्या ग्राहकांकडून एक नवी प्रश्नावली येऊ लागली आहे. वीज किती वापरता, वाया वाळू कुठे टाकता, जुनं तेल कोणाला देता, कामगारांना धुळीपासून काय संरक्षण आहे, असे त्यात प्रश्न असतात. पूर्वी दर, दर्जा आणि डिलिव्हरी एवढ्यावर ऑर्डर ठरायची. आता हा चौथा रकानाही भरावा लागतो. तो कोरा ठेवला तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाऊ शकते. शिरोली, गोकुळ शिरगाव, हलकर्णी, वेर्णा किंवा कुंडईतला छोटा उद्योजकही याच वाटेवर आहे. हा कार्यक्रम कुठून सुरू करायचा, त्याची ही माहिती.

हा प्रश्न आला कुठून?

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या पहिल्या 1,000 कंपन्यांना 2022-23 या आर्थिक वर्षापासून पर्यावरण, कामगार आणि कारभार यांचा ठराविक नमुन्यातला अहवाल देणं सेबीने बंधनकारक केलं. मोठ्या कंपनीला स्वतःचा हिशेब द्यायचा म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडेही विचारणा होणारच. दुसरं कारण युरोपचं. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा आयातीवर तिथे कार्बनचा हिशेब मागितला जातो. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. प्रत्येक कास्टिंगला हा नियम लागत नाही. तो मालाच्या सीमाशुल्क कोडवरून ठरतो. त्यामुळे निर्यात करणाऱ्याने, किंवा निर्यातदाराला माल देणाऱ्याने, आधी आपला कोड तपासावा.

पहिली पायरी : कायद्याची फाईल

झाडं लावणं, फलक रंगवणं हे सगळं नंतर. आधी कागद बघा. 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा यांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, उभारणीआधी एक आणि उत्पादन सुरू करताना दुसरी. कारखाना ज्या राज्यात, मंडळ त्या राज्याचं. उद्यमबागेला कर्नाटकचं, हलकर्णीला महाराष्ट्राचं, वेर्ण्याला गोव्याचं. एकाच मालकाचे सीमेच्या दोन्ही बाजूंना कारखाने असतील तर दोन वेगळ्या फायली ठेवाव्यात.

संमतीपत्राची मुदत कधी संपते, त्यात किती टन उत्पादन लिहिलंय आणि प्रत्यक्षात किती निघतं, हे ताडून बघा. भट्टी वाढवली पण संमतीत बदल केला नाही, ही चूक सहज घडते आणि तपासणीत महागात पडते. वापरलेलं तेल, तेलकट चिंध्या, रंगाचे डबे यांना 2016 चे घातक कचरा नियम लागू होतात. ते भंगारवाल्याला देता येत नाहीत, मान्यताप्राप्त संस्थेलाच द्यावे लागतात आणि पावती जपावी लागते. त्याचं वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत आणि संमती घेतलेल्या उद्योगांचं पर्यावरण विवरण 30 सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. जीएसटीच्या तारखा जिथे लिहिता, त्याच कॅलेंडरवर याही लिहून ठेवा.

दुसरी पायरी : मोजमाप

मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, वाळू-बेंटोनाइट-कोळसा भुकटीची खरेदी, टँकरची बिलं आणि रिजेक्शनचं रजिस्टर काढा. प्रत्येक आकड्याला त्या महिन्यात बाहेर गेलेल्या चांगल्या मालाच्या टनांनी भागा. नुसतं ‘बिल वाढलं’ म्हणून काही कळत नाही, ‘टनामागे युनिट वाढले’ म्हटलं की दुखणं सापडतं.

इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला बरेचदा 550 ते 700 युनिट वीज लागते. दोन सारख्या भट्ट्यांत फरक दिसला तर कारण बहुधा रोजच्या सवयीत असतं. झाकण उघडं ठेवणं, गंजलेलं आणि वाळू चिकटलेलं भंगार टाकणं, साचे तयार नसताना रस तापवत ठेवणं, ही त्यातली नेहमीची.

कार्बनचा ढोबळ हिशेबही इथेच निघतो. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो, आणि एक लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात.

तिसरी पायरी : कमी खर्चाची कामं आधी

*रिजेक्शन.* महिन्याला 100 टन ओतकाम असलेल्या फौंड्रीत रिजेक्शन 8 टक्क्यांवरून 6 वर आलं, तर 2 टन माल पुन्हा वितळवावा लागत नाही. टनाला 600 युनिट धरले तर 1,200 युनिट वाचले. वाळू, मजुरी आणि फेटलिंगचा खर्च वेगळा. दर्जाचं काम आणि पर्यावरणाचं काम इथे एकच आहे.

*कॉम्प्रेसर.* सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो 2 मिनिटं लोडवर आणि 6 मिनिटं अनलोड राहिला, तर 8 पैकी 2, म्हणजे 25 टक्के हवा नुसती गळतेय. साबणाच्या पाण्याने गळती सापडते. दाब 1 बारने कमी केला तर साधारण 6 ते 10 टक्के वीज वाचते. 37 किलोवॅटचा कॉम्प्रेसर पूर्ण भारावर रोज 16 तास, वर्षाला 300 दिवस चालला तर 1,77,600 युनिट लागतात. त्याचे 6 टक्के म्हणजे 10,600 युनिटांहून अधिक. युनिटला 7 रुपये धरले तर सुमारे 74 हजार रुपये, आणि त्यासाठी फक्त सेटिंग बदलायचं.

*पाणी.* 1,000 चौरस मीटर पत्र्यावर वर्षात 1,000 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला 80 टक्के धरता आला, तर 8 लाख लिटर पाणी मिळतं. छपरावर तेलकट धूळ बसत असेल तर पहिला पाऊस वाहून जाऊ द्यावा, गाळल्याशिवाय बोअरमध्ये सोडू नये.

सोलरचा नंबर यानंतर. 1 किलोवॅटचं पॅनेल सरासरी रोज 4 युनिटांच्या आसपास वीज देतं. गळती तशीच ठेवून सोलर बसवणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं.

वाळू आणि धूळ

फौंड्रीचा खरा कस वाळूत लागतो. वाया वाळू रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकली की शेजारच्या शेताचा आणि विहिरीचा प्रश्न उभा राहतो. ग्रीन सँड चाळून, थंड करून पुन्हा वापरता येते. रेझिन लावलेल्या वाळूला यांत्रिक किंवा उष्णतेवर चालणारं रिक्लमेशन लागतं. एकट्याला तो खर्च झेपत नसेल तर चार-पाच फौंड्रींनी मिळून करावा.

सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. त्यामुळे शेकआउट आणि फेटलिंगच्या जागी धूळ ओढणारी यंत्रणा, ओला झाडू आणि योग्य मास्क हा कार्यक्रमाचा गाभा समजावा. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. कामावर येणारा माणूस खानापूरचा असो की चंदगडचा, सूचना त्याला वाचता आली पाहिजे. फलक कन्नड आणि मराठी, दोन्हीत लावा.

जबाबदारी आणि प्रमाणपत्र

मालकाने एका पानाचं धोरण लिहावं आणि एका माणसाला जबाबदार धरावं. स्टोअरकीपर, मेंटेनन्सचा माणूस आणि हिशेबनीस असे तिघे महिन्यातून एकदा बसले तरी छोट्या युनिटला पुरतं. लक्ष्य मोजता येईल असं हवं. ‘वीज वाचवू’ यापेक्षा ‘मार्चपर्यंत टनामागे 30 युनिट कमी’ असं लिहा.

आयएसओ 14001 हे प्रमाणपत्र ग्राहकाने मागितलं तरच घाईने घ्यावं. ते कारखान्याची पद्धत तपासतं, धूर शून्य झाल्याची हमी देत नाही. उद्यम नोंदणी असलेल्यांसाठी केंद्राची झेड योजना आहे. त्यात ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा पायऱ्या असून, 2022 च्या नव्या रूपात प्रमाणपत्राच्या शुल्कावर सूक्ष्म उद्योगाला 80, लघुला 60 आणि मध्यमला 50 टक्के सवलत ठेवली गेली. अर्ज करण्याआधी चालू अटी पाहून घ्याव्यात.

दावा करताना जपून

कोकवर चालणारा क्युपोला काढून इंडक्शन भट्टी बसवली की चिमणीचा धूर जातो. पण वीज कोळशाची असेल तर कार्बन दुसऱ्या गावात निघतो. म्हणून ‘प्रदूषणमुक्त कारखाना’ असा फलक लावू नये. टनामागे किती युनिट, किती वाळू, किती पाणी, हे मागच्या वर्षाच्या आकड्यासह सांगावं. ग्राहकाचा माणूस तपासायला आला की फलकाकडे बघत नाही, रजिस्टर मागतो. ते रोजच्या रोज लिहिलेलं असेल तर चौथा रकाना भरायला अर्धा तास पुरतो.