सुरतेच्या तहापासून पुण्याच्या तहापर्यंत

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना येथील शेजारी १६६४ व १६७० या सालांची आठवण अधूनमधून थट्टेने करून देत असतात. शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्यांविषयी आपल्या घरांतून पुष्कळ बोलले जाते. परंतु ज्या तहाला या शहराचे नाव मिळाले, त्याचा विषय निघाला की राघोबादादांना चार दूषणे देऊन आपण मोकळे होतो. आम्हांस हा निवाडा फार सोपा वाटतो.

१७ फेब्रुवारी १७७५ रोजी अडासच्या लढाईत बारभाईंच्या फौजेने दादांचा पराभव केला. तेथून ते खंबायतमार्गे समुद्राने सुरतेस आले आणि ६ मार्च रोजी मुंबईकर इंग्रजांशी त्यांनी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, तिच्या खर्चासाठी दादांनी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावे, आणि साष्टी व वसई कायमची तोडून द्यावी, शिवाय सुरत-भडोच प्रांतांच्या वसुलातील हिस्साही द्यावा, असा तो सौदा होता. गंमत अशी की ठाण्याचा किल्ला कंपनीने डिसेंबर १७७४ च्या अखेरीसच घेतला होता आणि वसई तर दादांच्या ताब्यातच नव्हती. जे घेतले होते आणि जे घ्यावयाचे होते, त्या दोहोंवर पेशवे घराण्यातील एका पुरुषाची स्वाक्षरी इंग्रजांस हवी होती. ती सुरतेत मिळाली.

हा तह कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने अमान्य केला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. तोही टिकला नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे कोंडीत सापडलेल्या इंग्रजांकडून आपल्या मुत्सद्यांनी १७७३ पासून घेतलेला सर्व मुलूख परत करण्याचे वचन लिहून घेतले, आणि कंपनीने ते साफ नाकारले. लादलेला तह आपणही एकदा लिहवून घेतला होता, हे विसरू नये. तो पाळावयास लावण्याचे बळ मात्र हाती राहिले नाही. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे गेली, वसई परत आली, आणि दादांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. पुढच्याच वर्षी कोपरगावी त्यांचा अंत झाला.

सुरतेच्या दृष्टीने खरा निर्णय त्यानंतर वीस वर्षांनी झाला. किल्ला १७५९ पासून इंग्रजांकडे होताच. १८०० मध्ये नवाबाने कारभार सोडून तनखा पत्करला. उरली होती ती मराठ्यांची चौथाई. १८०२ मध्ये बडोद्याच्या घरगुती कलहात इंग्रजांची मदत घेतल्यावर आनंदराव गायकवाडांनी आपला चौथाईचा हिस्सा आणि सुरतेभोवतालचा चोर्यासी परगणा कंपनीस दिला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावांनी सुरतेवरील आपले सर्व हक्क सोडले. यशवंतराव होळकरांनी हडपसरापाशी मोडलेले बाजीराव राघोबादादांचेच पुत्र. वडिलांनी सुरतेत बसून वसई लिहून दिली, मुलाने वसईत बसून सुरत लिहून दिली. दोघांसही हरवले होते ते स्वकीयांनी, हे अधिक बोचते.

चौथाई गेल्याचे दुःख सुरतेच्या सावकारांस झाले असेल, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या लेखी तीही लादलेलीच होती.

पण पराभूतावर शब्दशः लादलेला तह म्हणावा तो १३ जून १८१७ चा पुण्याचा. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास खून झाला. त्याचा ठपका त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला आणि ते ठाण्याच्या कैदेतून निसटताच एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांस घेरले. सिंहगड, पुरंदर आणि रायगड प्रथम ओलीस घेतले व मग मसुदा पुढे ठेवला. मराठमंडळाचे प्रमुखत्व पेशव्यांनी सोडावे, गायकवाडांवरील मागण्या वर्षाला चार लाखांवर तोडाव्यात, अहमदाबादचा इजारा कायमचा गायकवाडांस द्यावा, आणि चौतीस लाखांचा मुलूख कंपनीस द्यावा, ही त्यातील कलमे. लढाई होण्यापूर्वीच हरलेल्याच्या अटी लिहिल्या गेल्या. २८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे जर्मन प्रतिनिधींसही समोरासमोर वाटाघाट करू न देता सही करावयास लावले. तेथे पुढचे युद्ध पेटावयास वीस वर्षे लागली. पुण्यात पाच महिनेही लागले नाहीत: ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. बाजीरावांना भित्रे ठरविणाऱ्यांनी एवढा विचार करावा की त्या कलमांखाली स्वस्थ बसणे कोणत्या पेशव्यास शक्य होते. ३ जून १८१८ रोजी ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरास गेले.

गुजरातेत पुण्याची सत्ता संपली, पण बडोद्याची राहिली. सोनगड आणि नवसारी १९४९ पर्यंत गायकवाडी मुलुखात होती, आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज याच मुलुखाच्या कारकुनीत किंवा फौजेत होते. सुरतेच्या वेशीबाहेर मात्र इंग्रजी अंमल होता. १८०२ मध्ये दिलेल्या परगण्याचे नाव आजही तालुक्यास आहे. आपल्यापैकी ज्यांची जमीन किंवा घर त्या बाजूस आहे, त्यांच्या कागदांवर ‘तालुको चोर्यासी’ असेच लिहिलेले असते.